आयनिक लिक्विडसाठी फ्लोरिनचे क्षार: काय विकत घ्यावं आणि काय स्वतः करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला दोन आयनिक लिक्विडं, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या आसपास द्रव असणारे क्षार, करायची आहेत: बीएमआयएम (ब्युटाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम हा धनायन) क्लोराइडपासून बीएमआयएमचं टेट्राफ्लुरोबोरेट (बीएफ-फोर) आणि हेक्साफ्लुरोफॉस्फेट (पीएफ-सिक्स), शंभर-शंभर ग्रॅम. त्यासाठी लागणाऱ्या सोडियम टेट्राफ्लुरोबोरेट आणि पोटॅशियम हेक्साफ्लुरोफॉस्फेटचं कोटेशन गाइडच्या बजेटबाहेर गेलं. लॅबच्या कपाटात ४८ टक्के फ्लुरोबोरिक आम्लाचा कॅन आहे आणि एचएफची, म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्लाची, एक बाटलीही आहे. ‘मग हे क्षार आम्हीच तयार केले तर चालतील का?’ असं ती विचारते. शेवटी एक ओळ जोडली आहे: मागच्या वेळी केलेल्या बीएफ-फोरच्या बॅचमध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकलं की अजून पांढरं होतं (म्हणजे क्लोराइड उरलेलं आहे), आणि ज्या फ्लास्कमध्ये ती सुकवली तो आतून धुरकट झाला आहे.

तुम्ही ती शेवटची ओळ जाता जाता लिहिली आहे. मला मात्र खरा प्रश्न तिच्यातच दिसतो. क्षार कुठून आणायचा हा पैशाचा आणि सोयीचा विषय झाला. फ्लास्क धुरकट का झाला हा रसायनशास्त्राचा आणि तुमच्या हातापायांचा विषय आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे: हायड्रोजन फ्लुराइड. या कामात तो दोनदा भेटतो. पहिल्यांदा क्षार घडवताना, तेव्हा निदान तो आहे हे आपल्याला माहीत असतं. दुसऱ्यांदा तयार क्षार किंवा तयार आयनिक लिक्विड पाण्याने, आम्लाने आणि उष्णतेने मोडताना, आणि तेव्हा बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या फ्लास्कला तो दुसऱ्या वेळचा भेटला आहे.

आधी कपाटातल्या बाटलीबद्दल. एचएफच्या त्या बाटलीला हात लावू नका. ‘जपून वापरा’ असं मी म्हणत नाही, वापरूच नका असं म्हणतेय. एचएफ पाण्यात दुबळं आम्ल आहे म्हणून अनेकांना ते हायड्रोक्लोरिकपेक्षा सौम्य वाटतं. दुबळं असल्यामुळेच ते घातक आहे. त्याचा न सुटलेला रेणू कातडीतून सरळ आत शिरतो, मग आतलं कॅल्शियम बांधून टाकतो आणि हाडापर्यंत पोचतो. रक्तातलं कॅल्शियम खाली आलं की हृदयाची लय बिघडते. वीस टक्क्यांहून विरळ द्रावणाचा चटका कधी कधी दिवसभर जाणवतही नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या हातमोज्याला टाचणीएवढं भोक होतं. दुपारी काम केलं, हात धुतला, काही झालं नाही. रात्री नऊच्या सुमाराला तर्जनीच्या नखाखाली ठणका सुरू झाला, वरून फक्त थोडा पांढुरका डाग. हॉस्पिटलात नेताना आम्ही लॅबमधली कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब सोबत नेली आणि डॉक्टरांना ‘हा एचएफ आहे, साधं आम्ल नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगितलं. त्याचं बोट वाचलं. तुमच्या लॅबमध्ये २.५ टक्क्यांचं हे जेल, मुदतीच्या आतलं, हूडशेजारी (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशेजारी) नसेल, तर या उत्तरातला पुढचा कुठलाही प्रयोग करण्याआधी ते आणा. ते फार महाग नसतं.

आता क्षार स्वतः बनवण्याबद्दल. हे क्षार मुळात येतात कुठून ते एकदा नजरेखालून घाला, म्हणजे मी अमुक ठिकाणी रेघ का ओढते ते कळेल. सगळ्याची सुरुवात फ्लोरस्पार या खनिजापासून, म्हणजे कॅल्शियम फ्लुराइडपासून होते. आपल्याकडे गुजरातेत आंबाडुंगरला त्याचा मोठा साठा आहे, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावलाही ते सापडतं. सुमारे ९७ टक्के शुद्धतेचा फ्लोरस्पार गंधकाम्लासोबत तापवला की एचएफ मिळतो. तो बोरिक आम्लाला दिला की फ्लुरोबोरिक आम्ल, आणि ते सोड्याने उदासीन केलं की सोडियम टेट्राफ्लुरोबोरेट. पीएफ-सिक्ससाठी फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडवर निर्जल एचएफ घालतात. हा एचएफ १९.५ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या खोलीत तो वायूच असतो, आणि प्रत्येक रेणूमागे सहा रेणू हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. एनटीएफ-टू (बिस-ट्रायफ्लुरोमिथाइलसल्फोनिल-इमाइड) या तिसऱ्या नेहमीच्या ऋणायनासाठी तर विद्युत-रासायनिक फ्लोरिनेशन लागतं, ते कारखान्याशिवाय होतच नाही. भारतात हा उद्योग मुख्यतः गुजरात आणि तमिळनाडूत आहे: नवीन फ्लोरिनचा सुरतचा प्रकल्प, गुजरात फ्लोरोकेमिकल्स, कडलूरची टॅनफॅक. तिथे पोलादाच्या बंद यंत्रणा असतात, विषारी वायू धुऊन काढणारे स्क्रबर असतात, आणि बारा महिने हेच काम करणारी माणसं असतात.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. बोरॉन-फ्लोरिन, फॉस्फरस-फ्लोरिन किंवा कार्बन-फ्लोरिन बंध जिथे तयार होतो ते काम विकत घ्यायचं. तयार ऋणायन (ऋण भाराचा आयन, इथे बीएफ-फोर किंवा पीएफ-सिक्स) एका धनायनाकडून (धन भाराच्या आयनाकडून) दुसऱ्याकडे नेण्याचं काम आपण करायचं. अदलाबदल आपल्या हातची आहे आणि तिथेच आपली अक्कल खर्च करण्यासारखं खूप आहे.

तुमचं फ्लुरोबोरिक आम्ल या रेघेच्या बरोबर मध्ये बसतं, कारण त्यात बंध आधीच तयार आहे. तेव्हा इथलं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. चालू हूड, निओप्रिनचे जाड हातमोजे, तोंडावर शील्ड, जेल आणि आधी हे केलेला एखादा माणूस शेजारी, एवढं असेल तर त्या आम्लापासून सोडियमचा क्षार करता येतो. पॉलिप्रोपिलीनचं बीकर बर्फात ठेवायचं, आम्ल त्यात घ्यायचं आणि सोडियम कार्बोनेट चमच्या-चमच्याने टाकायचं. फेस खाली बसल्याशिवाय पुढचा चमचा नाही. काच कुठेच नको, ढवळायची कांडीसुद्धा प्लॅस्टिकची. पण यातून वाचतं किती ते मोजा. शंभर ग्रॅम बीएमआयएम बीएफ-फोरला ०.४४ मोल क्षार लागतो, म्हणजे तयार सोडियम क्षार साधारण ४९ ग्रॅम, आणि आम्ल घेतलं तर ८१ ग्रॅम. बीएफ-फोर, पीएफ-सिक्स आणि एनटीएफ-टू या तिघांच्या क्षारांत सोडियम टेट्राफ्लुरोबोरेट सगळ्यात स्वस्त असतो. शिवाय जुन्या कॅनमध्ये थोडा मोकळा एचएफ असण्याची शक्यता धरावीच लागते, तो उदासीन झाला की सोडियम फ्लुराइड होतो, तो वेगळा काढण्यात एक दिवस जातो, आणि एवढं करून हाती येणारा माल विकतच्यापेक्षा उणाच असतो. मी तुमच्या जागी असते तर हे केलं नसतं.

एक चूक जुने पेपर वाचून मुलं हमखास करतात, म्हणून स्पष्ट सांगते: बीएमआयएम क्लोराइडमध्ये थेट फ्लुरोबोरिक किंवा हेक्साफ्लुरोफॉस्फोरिक आम्ल ओतू नका. कागदावर ते सुटसुटीत दिसतं, आयनिक लिक्विड तयार आणि वर हायड्रोक्लोरिक आम्ल. प्रत्यक्षात तापमान झपाट्याने चढतं. ६० टक्के हेक्साफ्लुरोफॉस्फोरिक आम्लात स्वतःचाच एचएफ असतो. आणि तुमच्या आयनिक लिक्विडमध्ये आम्लाचा अंश उरतो, तो आठ वेळा धुऊनही पुरता जात नाही. तोच अंश पुढे तापवताना पीएफ-सिक्स मोडायला मदत करतो. हेक्साफ्लुरोफॉस्फेट उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात चांगलं टिकतं, आम्लात नाही. तुम्ही घेणार होता तो पोटॅशियम क्षाराचा रस्ता बरोबर आहे.

कोणता क्षार मागवायचा यावर आता थोडं सविस्तर, कारण कोटेशन फुगण्यामागे बहुतेक वेळा चुकीची मागणी असते. बीएफ-फोरसाठी सोडियमचाच क्षार घ्या. कुणी ‘पोटॅशियमचा शिल्लक आहे, तो चालेल’ म्हणालं तर घेऊ नका. पोटॅशियम टेट्राफ्लुरोबोरेट थंड पाण्यात शंभर मिलीला जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळतं आणि अदलाबदल रखडते. अमोनियमचा चालतो, पण मागे राहिलेलं अमोनियम पुढे तापवताना त्रास देतं. सिल्व्हर टेट्राफ्लुरोबोरेट सगळ्यात नीट काम करतं, सिल्व्हर क्लोराइड खाली बसतं आणि क्लोराइडचा प्रश्न संपतो. मोजमापाला एक-दोन ग्रॅम अगदी शुद्ध नमुना हवा असेल तर मी तेच वापरते. शंभर ग्रॅमसाठी ते परवडणार नाही, आणि थोडी चांदी मागे राहिली की महिन्याभरात द्रव तपकिरी पडतो. पीएफ-सिक्ससाठी पोटॅशियमचा क्षार पाण्यात बेताचा विरघळत असला तरी अडचण नाही, कारण इथे उत्पादनच पाण्यातून वेगळं पडतं आणि तोल आपोआप पुढे सरकतो. तुमच्या शंभर ग्रॅमला सुमारे ६५ ग्रॅम लागेल.

मागवताना एकाच कंपनीच्या कॅटलॉगवर अडून राहू नका. परदेशी ब्रँडची पंचवीस ग्रॅमची बाटली आणि मुंबईच्या एसआरएल, लोबा किंवा स्पेक्ट्रोकेमसारख्यांकडची मोठी बाटली यांत दर ग्रॅमला बराच फरक पडू शकतो. तेव्हा तीन-चार ठिकाणी विचारा आणि आकार वेगवेगळे विचारा. सरकारी अनुदानित कॉलेज असेल तर परचेस कमिटीला तीन कोटेशनं तशीही लागतातच. शेजारच्या कॉलेजातही कुणी हेच करत असेल, तर दोघांनी मिळून एक मोठी बाटली घेणं सगळ्यात शहाणपणाचं. एक गोष्ट मात्र सोडू नका: त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे सीओए. ९८ टक्के शुद्ध लिहिलेल्या क्षारातले उरलेले दोन टक्के काय आहेत हे तुम्हाला महत्त्वाचं आहे. पाणी असेल तर सुकवता येतं. क्लोराइड किंवा फ्लुराइड असेल तर ते तुमच्या गळ्यात पडतं.

बाटली आली की तिची स्वतः परीक्षा घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. ग्रॅमभर क्षार प्लॅस्टिकच्या भांड्यात वीस मिली डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात घाला. पूर्ण विरघळला का, की तळाला गाळ आहे? पीएच पट्टी लावा. पट्टी लालसर झाली तर क्षार कुठेतरी ओलावा खाऊन मोडलेला आहे. मग सौम्य नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब घालून क्लोराइड बघा, आणि शेजारी नुसत्या डीआय पाण्याची नळी ठेवा. आमच्याकडे एकदा तीन दिवस आम्ही क्षाराला दोष देत बसलो होतो आणि क्लोराइड डीआय प्लांटच्या पाण्यातच निघालं. पोटॅशियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट आम्लधर्मी निघालं तर टाकून देऊ नका. गरम पाण्यात थोडा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून विरघळवा, गरमच गाळा, थंड करा. पांढरे शुभ्र स्फटिक मिळतात. ते व्हॅक्यूममध्ये सुकवून घ्या.

आता तुमचा धुरकट फ्लास्क. दिव्यासमोर धरून बघा: धुरकटपणा द्रवाच्या पातळीपर्यंतच आहे, की त्याच्या वर गळ्याकडेही आहे? कोरड्या काडीने आतून घासलं तर खरखर लागते का? लागत असेल तर तो डाग नाही, काच खाल्ली गेली आहे. गळ्याकडे जास्त असेल तर वाफेतून एचएफ निघत होता. टेट्राफ्लुरोबोरेट पाण्यासोबत हळूहळू एक फ्लोरिन सोडून हायड्रॉक्सिल घेतं आणि एक रेणू एचएफ देतं. एचएफ काचेतल्या सिलिकाला धरतो, त्यात पुन्हा पाणी तयार होतं, आणि ते पाणी पुढच्या रेणूला मोडतं. म्हणून एकदा सुरू झालं की काचेत ते स्वतःहून चालू राहतं. तुम्ही तापमान लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की धुतलेला ओला माल तुम्ही रोटाव्हॅपवर (फिरत्या फ्लास्कमधून द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) ऐंशी-नव्वद अंशांना पाणी उडेपर्यंत ठेवला असेल. वेळ वाचवायला सगळेच असं करतात.

यात तुमची एकटीची चूक नाही. हे द्रव ‘हवेत आणि पाण्यात टिकणारे’ म्हणूनच जगासमोर आले. १९९२ साली विल्क्स आणि झावोरोटको यांनी इमिडॅझोलियमचा टेट्राफ्लुरोबोरेट तसा मांडला, आणि त्याआधीच्या क्लोरोॲल्युमिनेट द्रवांच्या तुलनेत ते खरंही होतं, कारण ते हवेतल्या ओलाव्यानेच बिघडायचे. पण ‘त्यांच्यापेक्षा टिकणारे’ याचा अर्थ पुढे नुसता ‘टिकणारे’ असा घेतला गेला. २००३ मध्ये अलाबामातल्या रॉजर्स यांच्या गटाने बीएमआयएम पीएफ-सिक्स मोडून त्यातून बीएमआयएम फ्लुराइडच्या हायड्रेटचे स्फटिक मिळाल्याचं दाखवलं, तेव्हा अनेकांना धक्का बसला.

तुमच्या प्रबंधासाठी याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती मी कळकळीने सांगतेय. तुम्ही हे आयनिक लिक्विड द्रावक किंवा उत्प्रेरक म्हणून वापरणार असाल, आणि अभिक्रिया आम्लाने चालणारी असेल, तर ऐंशी-शंभर अंशांना ओल्या बीएफ-फोरमध्ये मिळालेलं ९५ टक्के यील्ड नक्की कुणी दिलं? आयनिक लिक्विडने, की त्यातून सुटलेल्या एचएफने? संघनन होताना पाणी तर अभिक्रियेतच तयार होतं, म्हणजे बाहेरून ओलावा यायचीही गरज नाही. आपल्याकडे आयनिक लिक्विडवर असं पुष्कळ काम झालं आहे, आणि त्यातल्या किती ठिकाणी हा प्रश्न विचारला गेला याची मला चिंता वाटते. एक नियंत्रण-प्रयोग करा. तीच अभिक्रिया एनटीएफ-टूच्या आयनिक लिक्विडमध्ये करा, आणि एकदा बीएफ-फोरमध्येच थोडा कोरडा, न विरघळणारा बेस टाकून करा. यील्ड कोसळलं तर तुमचा उत्प्रेरक कोण ते समजलं. तो निष्कर्षही प्रबंधात लिहिण्यासारखाच आहे.

मोकळा फ्लुराइड मोजायला महागडं यंत्र लागत नाही. फ्लुराइडचा निवडक इलेक्ट्रोड बऱ्याच कॉलेजांच्या पर्यावरण विभागात असतो, कारण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या विहिरींच्या पाण्यात फ्लुराइड तपासावाच लागतो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला एक मिलीग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर दीड. हा इलेक्ट्रोड फक्त सुटा फ्लुराइड बघतो. बोरॉनला किंवा फॉस्फरसला बांधलेला त्याला दिसत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. एनएमआर उपलब्ध असेल तर पीएफ-सिक्ससाठी फॉस्फरसचा वर्णपट घ्या. उणे १४४ च्या आसपास सात शिखरांचा सुबक गुच्छ हा तुमचा माल. त्याशिवाय उणे पंधराच्या जवळ तीन शिखरं दिसली तर तो डायफ्लुरोफॉस्फेट, म्हणजे मोडतोड सुरू झाली आहे.

बीएफ-फोरच्या बॅचमध्ये क्लोराइड का राहतं याचं कारण साधं आहे: हा द्रव पाण्यात मिसळतो. पीएफ-सिक्ससारखा धुऊन काढायची सोय नाही. म्हणून शेवटचं छोटं धुणं सोडलं तर पाण्याला सुरुवातीपासूनच बाहेर ठेवायचं. मी असं करते. बीएमआयएम क्लोराइड ७७ ग्रॅम, आधी व्हॅक्यूममध्ये सुकवलेलं, सुमारे अडीचशे मिली कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये घ्यायचं. सोडियम टेट्राफ्लुरोबोरेट ५१ ग्रॅम, म्हणजे पाच टक्के जास्त, बारीक खलून आणि सुकवून घालायचं. खोलीच्या तापमानाला निदान दीड-दोन दिवस जोरात ढवळायचं. इथे घाई नको, दोन्ही बाजूंना घन पदार्थ आहे आणि अदलाबदल कणांच्या पृष्ठभागावर होते. नंतर गाळायचं, गाळलेलं द्रावण रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, सकाळी पुन्हा गाळायचं. दुसऱ्या गाळणीत निघणारं बारीक पांढरं मीठ पाहिलं की पहिल्या गाळणीवर थांबणारे काय सोबत घेऊन जातात ते समजतं. त्यानंतर वीस-वीस मिली बर्फगार डीआय पाण्याने, प्रत्येक वेळी सिल्व्हर नायट्रेट बघत, धुवायचं. प्रत्येक धुण्यात माल जातो, शेवटी सत्तर टक्के हाती आले तरी मी समाधानी असते. डायक्लोरोमिथेन काढून टाकल्यावर ६० ते ७० अंशांना, चांगल्या व्हॅक्यूममध्ये, ढवळत, रात्रभर. त्याच्या वर तापमान नेऊ नका. व्हॅक्यूम कमी पडत असेल तर पंपाचं तेल बदला, उष्णता वाढवू नका.

सिल्व्हर नायट्रेटला पांढरं झालं नाही म्हणजे क्लोराइड नाही, असंही समजू नका. एक थेंब पाच मिली पाण्यात टाकला की तो शंभर पट विरळ झाला, वर सिल्व्हर क्लोराइड आयनिक लिक्विडमध्ये थोडंफार विरघळतंही. तुमच्या कामात पॅलेडियम असेल किंवा श्यानता (द्रवाचा दाटपणा) मोजायची असेल तर आयन क्रोमॅटोग्राफीवर आकडा काढून घ्या. सेडन आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलंच आहे की थोडं क्लोराइड श्यानता चढवतं आणि थोडं पाणी उतरवतं. दोन्ही न मोजता दिलेली श्यानता कुणालाच उपयोगाची नसते. पाणी मोजायला कार्ल फिशर टायट्रेशन करा.

पीएफ-सिक्स तुलनेने सरळ आहे. ६१.५ ग्रॅम क्लोराइड दीडशे मिली पाण्यात विरघळवा, पोटॅशियमचा क्षार प्लॅस्टिकच्या भांड्यात थोडा-थोडा घालत रात्रभर ढवळा. खाली जड थर बसतो, घनता १.३७ असल्यामुळे शंभर ग्रॅमचे साधारण ७३ मिली. तेवढ्याच पाण्याने पाच-सहा वेळा धुवा, आणि दर वेळी धुतलेल्या पाण्यात क्लोराइडही बघा आणि पीएचही. पीएच पडत चालला तर थांबा आणि क्षाराचा लॉट पुन्हा तपासा. सुकवण्याचे नियम वरचेच. साठवण काचेत नको, जाड एचडीपीई किंवा टेफ्लॉनच्या बाटलीत करा, तारीख आणि क्षाराचा लॉट नंबर वर लिहून. रंग पिवळा आला तर दोष बहुधा फ्लोरिनच्या क्षाराचा नसतो, तो क्लोराइड करताना जास्त तापवल्याने किंवा मिथाइलइमिडॅझोल ऊर्ध्वपातनाने शुद्ध न करता वापरल्याने येतो. रंग तिथेच, क्लोराइडच्या टप्प्यावर काढायचा.

हे सगळं सांगून झाल्यावर एक विचारते: तुम्हाला हेच दोन ऋणायन का हवे आहेत? गाइडच्या आधीच्या पेपरमध्ये आहेत म्हणून असेल, तर पुन्हा विचार करा. पाण्यात न मिसळणारा द्रव हवा असेल आणि तापवायचाही असेल, तर एनटीएफ-टू पीएफ-सिक्सपेक्षा कितीतरी टिकाऊ. शंभर ग्रॅमला साडेअडुसष्ट ग्रॅम लिथियम क्षार लागतो आणि तो महाग आहे, हे खरं. पण अदलाबदल तासाभरात होते, लिथियम क्लोराइड पाण्यात निघून जातं, बॅच वाया जात नाही, आणि द्रव धुऊन-सुकवून पुन्हा वापरता येतो. वाया गेलेल्या दोन बॅचेसचा हिशोब मांडा, मग दर बघा. पाण्यात मिसळणारा चालत असेल तर ट्रायफ्लेट किंवा ट्रायफ्लुरोॲसिटेट घ्या. त्यांची आम्लं कार्बोनेटने उदासीन करून सोडियम क्षार तुम्ही लॅबमध्ये करू शकता. ती आम्लं तीव्र आणि दाहक आहेत, पण कार्बन-फ्लोरिन बंध सहज तुटत नाही आणि एचएफची भीती नाही. हाच चिवटपणा बाहेर गेल्यावर अडचणीचा ठरतो, कारण निसर्गात हे ऋणायन मोडत नाहीत. ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येनुसार एनटीएफ-टू आणि ट्रायफ्लेट दोन्ही ‘पीएफएएस’मध्ये, म्हणजे निसर्गात न मोडणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या कुटुंबात, येतात, आणि युरोपात २०२३ पासून या सगळ्या कुटुंबावर निर्बंधांचा प्रस्ताव आहे. प्रबंधात ‘हरित द्रावक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी हे लक्षात असू द्या. काम फक्त ध्रुवीय, न उडणाऱ्या माध्यमाचं असेल तर इथाइल सल्फेट किंवा ॲसिटेटसारखा फ्लोरिन नसलेला ऋणायनही एकदा करून बघा.

धुण्याचं पाणी बेसिनमध्ये सोडू नका. सुटा फ्लुराइड चुन्याच्या निवळीने कॅल्शियम फ्लुराइड होऊन बसतो, म्हणजे जिथून आला त्याच खनिजात परत जातो. पण बांधलेला बीएफ-फोर किंवा पीएफ-सिक्स चुन्याने बसत नाही. ते पाणी वेगळ्या प्लॅस्टिक कॅनमध्ये, पीएच सातच्या वर ठेवून, ‘फ्लोरिनयुक्त’ अशी चिठ्ठी लावून जमा करा आणि कॉलेजच्या घातक कचऱ्यासोबत अधिकृत केंद्राकडे द्या. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला तशी केंद्रं आहेत. कपाटातली ती एचएफची बाटलीही त्याच फेरीत जाऊ द्या. तोवर ती खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा, आणि तिच्या आसपास काचेची एकही बाटली नको.